माका, खोबरेल आणि डीएचटी

पाऊस ओसरू लागला की दिवेआगरच्या वाड्यांत पाटांच्या कडेने माका माजतो. खरखरीत पाने, नखाएवढी पांढरी फुले. पान तळहातावर चुरडले तर रस आधी हिरवा दिसतो आणि बघता बघता काळपट होतो. त्याच वाडीत माडावर नारळ, कुंपणाला जास्वंद, परसात कढीपत्ता, ओलाव्याच्या जागी ब्राह्मी. केसांच्या तेलाला लागणारे सारे हाताशी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने इथल्या माड-पोफळी आडव्या केल्या; त्यानंतर लावलेली रोपे आता कुठे फळाला येण्याच्या वयात आहेत. माका तेवढा कुणी न लावता दरसाल येतो.

सुवर्णगणेशाच्या दर्शनाला आलेले पाहुणे परतताना नारळ-सुपारीबरोबर घरगुती तेलाची चौकशीही करतात, आणि हल्ली विचारतात, "हार्मोनमुळे केस जातात, त्यावर हे चालेल का?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर मिळायला हवे. तेलाचे काम मुख्यतः दिसणाऱ्या केसावर चालते, संप्रेरकाचे केसाच्या मुळाशी. हा फरक कुणी समजावून न सांगितल्याने कितीतरी मुलामुलींची उमेदीची वर्षे एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत जातात. या दुखण्यात गेलेला वेळ भरून निघत नाही, म्हणून हे सविस्तर लिहावेसे वाटले.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. एकेक केस २ ते ६ वर्षे वाढतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. मग वाढ थांबते, तीनेक महिने तो नुसता मुळात बसून राहतो आणि गळतो. त्याच जागी नवा येतो. त्यामुळे रोज ५० ते १०० केस गळणे हे निरोगीपणातच मोडते. संप्रेरकामुळे जे बिघडते ते वेगळेच. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे ५-अल्फा रिडक्टेज नावाचे विकर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये, म्हणजे डीएचटीमध्ये, रूपांतर करते. ज्यांची केसमुळे जन्मतःच या डीएचटीला हळवी असतात, त्यांच्यात केसाचा वाढीचा काळ दर फेरीला आखडत जातो. केस आधीपेक्षा बारीक येतो, मग आणखी बारीक, शेवटी नुसती लव उरते. डोक्याच्या मागच्या बाजूची मुळे मात्र त्याला दाद देत नाहीत. केसरोपण करणारे डॉक्टर केस तिथूनच घेतात ते यामुळेच.

हे कळले कसे, त्याची हकिकत मोठी रोचक आहे. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४२ साली दाखवले की वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण काढले गेले त्या पुरुषांना टक्कल पडत नाही. पण घराण्यात टक्कल असलेल्यांना बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले की पडू लागते. म्हणजे बीज आणि संप्रेरक दोन्ही लागतात. पुढे १९७४ मध्ये ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी डॉमिनिकन रिपब्लिकमधली काही कुटुंबे जगापुढे आणली. त्यांच्यातली काही मुले जन्मतः मुलीसारखी दिसत आणि वयात येताना पुरुष होत. त्यांच्या शरीरात ते विकरच जेमतेम होते, आणि त्या पुरुषांना टक्कल पडत नव्हते. त्या विकराला अडवणारे फिनास्टेराइड १९९७ मध्ये अमेरिकेत पुरुषांच्या टकलावर मंजूर झाले.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत खालित्याची, म्हणजे टक्कल पडण्याची, उपपत्ती आहे: वातासह पित्त रोमकूपात शिरून केस पाडते, आणि मग रक्तासह कफ ती भोके बुजवून टाकतो, म्हणून नवा केस येत नाही. भाषा निराळी, पण केस पडणे आणि वाट बंद होणे या दोन पायऱ्या वेगळ्या ओळखल्या होत्या. उपचारात नस्य, म्हणजे नाकात औषध घालणे, आणि डोक्याचा अभ्यंग यांना मान, आणि तेलात माका, आवळा, नीली.

असे तेल नीट करणे हे कसब आहे. एक भाग वाटलेला कल्क, चार भाग तेल, सोळा भाग रस किंवा काढा, हे जुने प्रमाण. मंद आचेवर पाणी आटू द्यायचे. तेल फेसाळले, तळाचा कल्क बोटांत वळून त्याची वात झाली, आणि ती विस्तवावर धरल्यावर तडतडली नाही, की उतरवायचे. तडतड म्हणजे आत पाणी राहिले. ते तेल चार दिवसांत खवट होणार. घाईने माक्याची पाने नुसती तेलात तळून काढली तर हाती हिरवट रंगाचे तेल येते, एवढेच.

आता पुरावा. खोबरेलाचा सर्वांत चांगला अभ्यास मुंबईतच झाला. मॅरिको कंपनीच्या आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुण्याआधी किंवा नंतर लावलेल्या खोबरेलाने केसातल्या प्रथिनांची झीज कमी झाली. बाकी दोन्ही तेलांना ते जमले नाही. खोबरेलातले लॉरिक आम्ल सरळ साखळीचे आणि छोट्या रेणूचे असल्याने केसाच्या आत शिरते, हे त्याचे कारण. अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीचा असला तरी त्यामागचे रसायन पटण्याजोगे आहे. आजीचे आदल्या रात्री तेल चोपडणे त्यात बसते. पण हा लाभ तुटणाऱ्या केसाला आहे. मुळावरच्या डीएचटीला खोबरेल अडवते, असे त्यातून निघत नाही.

माक्यावर आणि जास्वंदीच्या पानांवर प्रयोग झाले, ते उंदरांवर. २००८ मध्ये माक्याच्या अर्काने उंदरांच्या पाठीवरचे भादरलेले केस लवकर आले. जास्वंदीत फुलापेक्षा पानाचा अर्क सरस ठरला. मात्र हे दाट अर्क होते, कढवलेले तेल नव्हते, आणि त्या उंदरांचे केस डीएचटीमुळे गेलेलेही नव्हते. माणसावर तपासलेल्या वनस्पती परदेशी निघतात. २०१५ साली इराणमध्ये रोजमेरीचे तेल आणि टकलावर लावायचे औषध २ टक्के मिनॉक्सिडिल यांची १०० जणांवर सहा महिने तुलना झाली. दोन्हींचा परिणाम सारखा आला. कोरियात २०१४ मध्ये ७६ पुरुषांपैकी काहींना भोपळ्याच्या बियांचे तेल रोज ४०० मिलिग्रॅम दिले. २४ आठवड्यांत त्यांच्या केसांची संख्या ४० टक्के वाढली, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांची १० टक्के. सॉ पामेटो या अमेरिकी ताडाच्या फळाला फिनास्टेराइडसमोर उभे केले तेव्हा सुधारणा ३८ टक्के पुरुषांत दिसली, फिनास्टेराइडने ६८ टक्के. हे अभ्यास लहान आहेत, पण निरर्थक नाहीत. माझे मत असे की वनस्पतीला जोडीला घ्यावे, खरी भिस्त तपासलेल्या औषधावर ठेवावी.

बायकांची बाब अधिक गुंतागुंतीची, आणि तिच्याकडे दुर्लक्षही अधिक. भांग रुंदावतो, पाळी अनियमित होते, हनुवटीवर राठ केस येतात, तेव्हा पीसीओएसची शक्यता असते आणि उपचार अंडाशयाच्या बिघाडावर करावा लागतो. पुदिन्याच्या एका जातीचा चहा ४२ बायकांनी महिनाभर घेतला तेव्हा त्यांच्या रक्तातले मुक्त टेस्टोस्टेरॉन उतरले. इंग्लंडमधला हा अभ्यास २०१० चा. डोक्यावरच्या केसांवर काय परिणाम होतो, ते त्यात पाहिलेच नव्हते. थायरॉइडच्या बिघाडातही केस जातात. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी मुठीने केस गळतात ते इस्ट्रोजेन उतरल्यामुळे: गरोदरपणात थोपून राहिलेले केस एकदम सुटतात. ते वर्षभरात भरून येतात, औषध लागत नाही. बाळंतिणीला लोहाने भरलेले आळिवाचे लाडू जरूर द्यावेत. लोह कमी पडले तरीही केस गळतात. पुढे केस आले की श्रेय ज्याच्या त्याच्या तेलाला मिळते, आणि मग तेच तेल पीसीओएस असलेल्या मावसबहिणीला सुचवले जाते. इथेच गफलत होते.

कारण शोधल्याशिवाय उपाय नाही, हे बुलढाण्याने दाखवून दिले. २०२५ च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस काही दिवसांत झडून टक्कल पडले. आधी संशय पाण्यावर आणि शाम्पूवर गेला. आपल्याच रायगड जिल्ह्यातले, विंचूदंशावरच्या कामामुळे जगभर माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे गेले, नमुने तपासून घेतले, आणि त्यांनी बोट ठेवले ते रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमवर. तिथे माका लावून काय उपयोग झाला असता?

'नैसर्गिक आहे, अपाय नाही' या समजाविषयी मात्र कळकळीने सांगायचे आहे. फिनास्टेराइड गरोदर बाईला चालत नाही, कारण पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांची घडण डीएचटीवर अवलंबून असते. एखादी वनस्पती खरोखरच तेच विकर अडवत असेल, तर तिची गोळीही त्याच कारणाने वर्ज्य. जुन्या लेपांत येणारी गुंज विषारी आहे. ती घरी वाटू नये. कोंडा झालेल्या टाळूवर तेल थापले तर कोंडा वाढतो, कारण त्यामागची बुरशी तेलकटपणावरच पोसते. आणि बाटलीवरच्या 'नवे केस उगवतात' या वाक्यावर विसंबू नका: टक्कल आणि नवे केस उगवणे ही दोन्ही १९४५ च्या औषध नियमांतल्या अनुसूची जे मध्ये आहेत, आणि त्या यादीतल्या गोष्टी बऱ्या करण्याचा दावा औषधाच्या वेष्टनावर करायला मनाई आहे.

दिवेआगरहून श्रीवर्धन किंवा माणगावला रक्त तपासायला जावे लागले तरी जावे: हिमोग्लोबिन, लोहासाठी फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच, आणि पाळी बिघडली असेल तर डॉक्टर सांगतील ती संप्रेरके. जाण्यापूर्वी एक काळजी घ्या. केसांच्या म्हणून मिळणाऱ्या बहुतेक गोळ्यांत बायोटिन असते आणि मोठ्या मात्रेत ते थायरॉइडच्या चाचणीचे आकडे चुकवते; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच तसा इशारा दिला आहे. गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. किती दिवस बंद ठेवायची ते त्यांना विचारा, आणि मगच रक्त द्या.