सोळा पानांचा संसार

काही वर्षांपूर्वी एका संस्थेने बालपुस्तकांच्या स्पर्धेसाठी परीक्षक म्हणून माझी नेमणूक केली, आणि एके दिवशी सुतळीने आवळलेली चाळीसेक पुस्तकांची चवड, गुणांचा छापील तक्ता व एक महिन्याच्या मुदतीचे पत्र असा ऐवज घरपोच आला. तक्त्यात रकाने पाच होते : कथावस्तू, भाषा, मौलिकता, संस्कारमूल्य, आणि अगदी उजवीकडे, जागा उरली म्हणून घातल्यासारखा, 'चित्रे, मुद्रण, बांधणी इत्यादी'. हे 'इत्यादी' मला त्या दिवसापासून सलत आले आहे. कारण प्रौढांची कादंबरी कसल्याही कागदावर छापली तरी कादंबरीच राहते, पण पाच-सहा वर्षांच्या मुलाचे पुस्तक बव्हंशी ह्या शेवटच्या रकान्यातच घडते, आणि त्याचा अभ्यास करू पाहणाऱ्याने आपली बैठक ग्रंथालयाइतकीच छापखान्यातही घातली पाहिजे.

संस्कारमूल्याचा रकाना मात्र आपल्याकडे वंशपरंपरेने चालत आला आहे. तंजावरच्या सरफोजीराजांच्या आश्रयाने सख्खण पंडितांनी इसापच्या कथा 'बालबोधमुक्तावली' ह्या नावाने मराठीत आणल्या, त्या 1806 च्या सुमारास; पुढे मुंबईत सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे ह्यांनी 1828 च्या आसपास 'इसपनीतिकथा' आणि 'बाळमित्र' सिद्ध केली, आणि त्यांपैकी 'बाळमित्र' हे बर्कँ नामक फ्रेंच लेखकाच्या ग्रंथाच्या इंग्रजी अवतारावरून उतरलेले. मराठी मुलाच्या हाती आलेली ही आरंभीची छापील पुंजी अशी सगळी उसनवारीची होती, आणि घेतलेल्या कर्जावर व्याज भरावे तसे प्रत्येक कथेच्या शेवटी 'तात्पर्य' भरावे लागे. विनायक कोंडदेव ओकांनी 1881 पासून 1914 मधील आपल्या मृत्यूपर्यंत एकहाती चालविलेला 'बालबोध', वासुदेव गोविंद आपट्यांनी 1906 मध्ये काढलेला 'आनंद', ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, विंदांची 1961 मधील 'राणीची बाग' आणि 1971 च्या दिवाळीत पाठ्यपुस्तक मंडळाने सुरू केलेला 'किशोर' अशा टप्प्याटप्प्याने ते व्याज बरेचसे माफ झाले. मालतीबाई दांडेकरांनी 'बालसाहित्याची रूपरेषा' लिहून ह्या विषयाच्या विचारालाही घर बांधून दिले. तथापि आपली समीक्षा आजही मजकुराच्या ओसरीवरच बसते. पुस्तकाच्या माजघरात ती क्वचितच डोकावते.

ते माजघर म्हणजे फर्मा. एका मोठ्या कागदाच्या दोन्ही अंगांना आठ-आठ पाने छापून त्याच्या घड्या घातल्या, कडा कापल्या आणि मधोमध दोन पिना मारल्या की सोळा पानांचे पुस्तक तयार होते. सतराव्या पानाची सोय त्यात नाही. लेखकाला आणखी चार ओळी सुचल्या म्हणून कागद ताणला जात नाही. पहिले पान शीर्षकाचे, दुसरे प्रकाशकाच्या नावगावाचे; उरलेल्या चौदांत आरंभाचे व शेवटचे अशी दोन एकेरी पाने, आणि मधल्या सहा जोड्या, म्हणजे उघडल्यावर डावी-उजवी मिळून एकच दिसणारी पाने. त्यांतही केवळ आठवे-नववे पान हा सलग कागद असतो. बाकीच्या जोड्यांत चित्र दोन तुकड्यांत छापले जाऊन घडीपाशी जुळवावे लागते, आणि बांधणारा जरा घाईत असला की घोड्याची मान धडापासून सुताभर वर जाते.

लहानपणी हाताळलेल्या कित्येक पुस्तकांत एक जोडी रंगीत, पुढची काळी-पांढरी, पुन्हा एक रंगीत, अशी पाळी असे. त्या वेळी मला तो चित्रकाराचा लहरीपणा वाटे. उलगडा पुष्कळ वर्षांनी, छापखान्यात उघडा फर्मा समोर पसरून पाहिला तेव्हा झाला : निळा, किरमिजी, पिवळा व काळा अशा चार छपायांचा खर्च प्रकाशकाने कागदाच्या एकाच अंगावर केला की घड्या घातल्यावर 4-5, 8-9 आणि 12-13 ह्या जोड्यांना, तसेच पहिल्या व सोळाव्या पानाला रंग मिळतो, आणि बाकीची पाने कोरडी राहतात. जाणता लेखक ही विभागणी आधीच विचारून घेई आणि गोष्टीतील वाघ, जत्रा किंवा आग नेमकी रंगीत जोडीवर येईल अशी तजवीज करी. कथेची रचना अशी जमाखर्चाच्या वहीतून ठरावी ह्यात मला काडीचीही हीनता दिसत नाही. मंदिराचे शिल्पही दगडाच्या खाणीला विचारूनच उभे राहते.

उदाहरणादाखल आपली सर्वपरिचित म्हातारी आणि तिचा भोपळा घेऊ. लेकीकडे जाताना तिला रानात श्वापदे अडवितात, लेकीकडे चार दिवस खाऊन-पिऊन लठ्ठ होऊन येते मग खा, असा वायदा करून ती सुटते आणि परतताना भोपळ्यात बसून येते. तोंडी सांगताना ही कथा कितीही लांबते. सोळा पानांत ती बसवायची तर भोपळा आठव्या-नवव्या पानावर घरंगळला पाहिजे, कारण अखंड उतार तेथेच मिळतो. वाघाची आरोळी उजव्या पानाच्या तळाशी हवी, म्हणजे पान उलटेपर्यंत मुलाचा श्वास कोंडतो; तीच आरोळी डाव्या पानावर छापली तर समोरच्या पानावरचे उत्तर आधीच दिसते आणि भीतीचा खेळ संपतो. मजकूर म्हणेल, भोपळा निघाला. आणि चित्रात भोपळ्याच्या फटीतून लुगड्याचा टीचभर पदर बाहेर राहिलेला असेल. वाघाला तो दिसत नाही, मुलाला दिसतो. लेखकाने हे वाक्य लिहिलेच नाही, आणि लिहिले असते तर ते चित्रकाराच्या तोंडचा घास काढण्यासारखे झाले असते.

आता हीच कथा नुकत्याच अक्षरे जुळवू लागलेल्या मुलासाठी लिहा. बाजारात 'जोडाक्षरविरहित' असा शिक्का मारलेली पुस्तके मिळतात. ती लिहिणे सोपे असेल अशा समजुतीने मीही एकदा बसलो. पहिला बळी गेला खुद्द म्हातारीचा. ती जोडाक्षराने सुरू होते, म्हणून तिची 'आजी' केली. 'भोपळा' चालतो, पण त्याला विभक्ती लावून 'भोपळ्यात' केले की तो अडकतो. कोल्हा आणि अस्वल रानातून हद्दपार झाले. वाघ, लांडगा व सिंह एवढेच राहिले. 'लठ्ठ' गेले, 'जाडजूड' आले. 'म्हणाली' हे मराठी कथेतील सर्वांत राबते क्रियापद, तेही गेले. सगळी पात्रे 'बोलू' लागली. एवढे करून मथळ्यात 'गोष्ट' लिहायला गेलो, तर तो शब्दही निषिद्ध निघाला! परंतु ह्या खटाटोपात एक गंमत ध्यानात आली, आणि संस्कृतप्रचुर लिहिण्याची खोड असलेल्या माझ्यासारख्याला ती थोडी झोंबलीही : वृक्ष जाऊन झाड येते, पक्षी जाऊन पाखरू, रस्ता जाऊन वाट, चंद्र जाऊन चांदोबा, म्हणजे लिपीची अडचण लेखकाला घरच्या, देशी मराठीकडे हाताला धरून नेते. मात्र हात घट्ट धरला की वाक्ये ठेंगणी आणि एकसुरी होतात. जोडाक्षर टाळूनही ज्याची लय मोठ्याने वाचताना अडखळत नाही, असा लेखक विरळा. त्याला भाषेच्या रकान्यात पूर्ण गुण द्यावेत.

चित्राच्या वाट्याला मानसन्मान उशिरा आला, आणि हे केवळ आपल्याकडे नव्हे. अमेरिकेत बालसाहित्याच्या लेखनासाठी न्यूबेरी पदक 1922 पासून आहे, चित्रांसाठीचे कॅल्डेकॉट पदक 1938 मध्ये आले. हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार 1956 पासून लेखकांना मिळू लागला, चित्रकारांना 1966 पासून. साहित्य अकादेमीने 2010 पासून सुरू केलेला बालसाहित्य पुरस्कार लेखकाचाच आहे. टाटा न्यासांच्या 'पराग' उपक्रमाने 2016 मध्ये 'बिग लिटल बुक' पुरस्कार सुरू केला, त्यात लेखक व चित्रकार अशा दोन स्वतंत्र जागा ठेवल्या आणि पहिल्या वर्षी लेखनाचा मान माधुरी पुरंदरे ह्यांना मिळाला. पुरंदरे स्वतः चित्रकार आहेत हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या निवडीची गोडी वाढते; त्यांच्या पुस्तकांत शब्द कोठे थांबावा आणि रेषेने कोठे बोलावे ह्याचा हिशेब एकाच हाताने घातलेला असतो, त्यामुळे दोघांत हद्दीचा तंटा उद्भवत नाही.

त्या चाळीस पुस्तकांपैकी एक मी कमी गुण देऊन बाजूला ठेवले होते. शाळेतून घरी येणाऱ्या मुलाची कथा, मजकूर जेमतेम, संस्कारमूल्य शून्य. शेजारची सहा वर्षांची मुलगी दुपारी आमच्याकडे येऊन बसे, तिने ते उचलले, शेवटपर्यंत पाहिले, आणि मग उलट दिशेने एकेक पान मागे जाऊ लागली. काय शोधतेस म्हणून विचारले, तर तिने बोट ठेवून दाखविले : प्रत्येक चित्राच्या तळाशी एक गोगलगाय होती, पानागणिक थोडी पुढे सरकत होती, आणि सोळाव्या पानावर मुलगा घरी पोचला तेव्हा ती उंबरठ्यावर त्याच्या आधी येऊन बसली होती. मी ते पुस्तक दोनदा वाचले होते आणि मला ती दिसलीच नव्हती. "आजोबा, तुम्ही नुसतं वाचलंत," असे म्हणून तिने पुस्तक माझ्या पुढ्यात सरकविले.

रात्री तक्ता पुन्हा काढून शेवटच्या रकान्यातील गुण खोडून पूर्ण केले, आणि बदलाचे कारण नोंदविण्यासाठी शेऱ्याच्या जागी 'गोगलगाय' एवढाच शब्द लिहिला. पंधरा दिवसांनी संस्थेकडून जावक क्रमांक घातलेले पत्र आले : अनुक्रमांक 27 समोरील शेऱ्याचा लेखी खुलासा परत टपाली करावा.