कर्णनाद आणि श्रवणयंत्र : मार्कंडा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

दृष्टी मंदावली तर चष्मा लावण्यात आज कोणास संकोच वाटत नाही. ऐकू कमी येऊ लागले की मात्र ते लपविण्याकडेच मनुष्याचा कल असतो. त्यातही बाहेर कोणताही आवाज नसताना कानात अखंड शीळ, गुणगुण किंवा रातकिड्यासारखी किरकिर ऐकू येणे, ही तक्रार तर घरच्या माणसांनाही सांगितली जात नाही. कारण ती इतरांना ऐकू येत नाही आणि म्हणून पटतही नाही. या लक्षणास वैद्यकशास्त्रात टिनिटस असे म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘कर्णनाद’ हा शब्द रूढ आहे व तो जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अठ्ठावीस कर्णरोग सांगितले असून त्यांत कर्णनाद, क्ष्वेड आणि बाधिर्य यांचा स्वतंत्र निर्देश आहे. आवाज होणे आणि ऐकू न येणे या दोन तक्रारी एकाच गणनेत शेजारी असाव्यात, हे लक्षणीय होय. कारण प्रस्तुत लेखाचा विषय या दोहोंच्या संबंधाचाच आहे.

श्रवणयंत्र हे ऐकू येण्यासाठी असते, मग कानातील आवाज कमी होण्यासाठी त्याचा उपयोग कसा होईल, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. आवाज मोठा करणाऱ्या यंत्राने आतला आवाजही मोठाच होईल, अशी शंका अनेक सुशिक्षित व्यक्तींनीही माझ्याजवळ बोलून दाखविली आहे. सदर शंकेचे निरसन करणे आणि मार्कंडा व त्याभोवतालच्या परिसरात हा उपाय प्रत्यक्षात कोठे अडतो ते पाहणे, हा या लेखाचा हेतू आहे.

परिसर आणि कारणे

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, वैनगंगा जेथे उत्तरवाहिनी होते त्या ठिकाणी मार्कंडा वसले आहे. १८७३-७४ च्या दौऱ्यात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी येथील मंदिरसमूहाची पाहणी केली आणि तेव्हापासून अभ्यासकांना हे गाव परिचित झाले. महाशिवरात्रीची यात्रा सोडली तर गाव शांत असते. जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. अशा ठिकाणी कानाचे विकार कशाने होणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वस्तुस्थिती निराळी आहे.

या भागातील धान गिरण्यांत दिवसाचे आठ-दहा तास यंत्राशेजारी उभे राहून काम करणारी माणसे आहेत. आरागिरण्या आहेत, ट्रॅक्टर व मळणीयंत्रे आहेत. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूर, घुग्घूस, माजरी येथील कोळसा खाणी, दुर्गापूरचे औष्णिक विद्युत केंद्र आणि सिमेंटचे कारखाने आहेत. तेथे आयुष्य काढून निवृत्तीनंतर वैनगंगाकाठच्या मूळ गावी परतणारेही काही थोडे नाहीत. गोंगाटामुळे येणाऱ्या श्रवणऱ्हासाचा कायद्यात अधिसूचित व्यवसायजन्य रोग म्हणून समावेश आहे. तथापि लहान गिरण्यांतील कामगारसंख्या बहुधा त्या कायद्याच्या कक्षेत येण्याइतकी नसते आणि बाधित कामगाराची नोंद कोठेच होत नाही.

दुसरे कारण औषधांचे आहे आणि या जिल्ह्यात त्याला विशेष महत्त्व आहे. महाराष्ट्रातील हिवतापाचे सर्वाधिक ओझे गडचिरोलीवर राहिले आहे. हिवतापावरील क्विनीनमुळे कानात आवाज होतो, ही माहिती फार जुनी आहे. तो आवाज बहुधा औषध थांबल्यावर ओसरतो. क्षयरोगावर पूर्वी दिल्या जाणाऱ्या स्ट्रेप्टोमायसीनच्या इंजेक्शनांनी होणारी हानी मात्र कायमची असू शकते. म्हणून कर्णनादाच्या रुग्णास त्याच्या कामाबरोबरच पूर्वीच्या आजारांविषयीही विचारणे आवश्यक ठरते.

कर्णनादाचे स्वरूप

कर्णनाद हा स्वतः रोग नसून लक्षण आहे. अंतःकर्णातील शंखाकृती अवयवात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. त्या ध्वनिकंपनांचे विद्युत्संकेतांत रूपांतर करतात. गोंगाटाने, वयाने किंवा औषधाने त्या नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. प्रथम झीज होते ती उंच पट्टीचे स्वर ग्रहण करणाऱ्या पेशींची. गोंगाटाने बाधित व्यक्तीच्या श्रवणालेखात चार हजार हर्ट्झच्या आसपास खाच दिसते ती यामुळेच. त्या पट्टीचे संकेत मेंदूकडे पोहोचेनासे झाले की मेंदूतील श्रवणकेंद्रे आपली संवेदनक्षमता वाढवितात, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. स्टेशन न लागणाऱ्या रेडिओचा आवाज आपण वाढवीत जावा आणि केवळ खरखर मोठी व्हावी, तसे हे घडते. ऐकू येणारा नाद कानात वाटतो, पण त्याची घडण मेंदूत होते.

येथे एका प्रयोगाचा उल्लेख करणे उचित होईल. १९५३ मध्ये हेलर व बर्गमन या अमेरिकन संशोधकांनी श्रवणशक्ती चांगली असलेल्या ऐंशी व्यक्तींना ध्वनिरोधक खोलीत बसविले असता त्यांपैकी ९४ टक्के व्यक्तींना काही ना काही आवाज ऐकू आला. म्हणजे संपूर्ण शांततेत आतला आवाज जाणवणे हे विकृतीचेच लक्षण आहे असे नाही. पुढे १९९० मध्ये पावेल यास्त्रेबॉफ यांनी मांडलेल्या प्रतिमानानुसार, त्या आवाजास मेंदू धोक्याची खूण समजू लागला की भीती, निद्रानाश आणि अधिक लक्ष असे चक्र सुरू होते. त्रास आवाजाच्या मोठेपणापेक्षा या चक्रामुळे होतो. (आपल्याकडे काही जण त्यास अनाहत नाद समजून समाधान मानतात. शास्त्रदृष्ट्या तो गैरसमज असला तरी भीती गेल्यामुळे त्यांना त्रास कमी होतो, हे मात्र या प्रतिमानाशी विसंगत नाही.)

मार्कंड्यासारख्या गावात हिवाळ्याच्या रात्री कर्णनाद असह्य होतो आणि पावसाळ्यात कवेलूंवर पाऊस वाजत असताना तोच सुसह्य होतो, याचे स्पष्टीकरण यातच आहे. नाद तेवढाच असतो, पार्श्वभूमी बदलते. अंधाऱ्या खोलीतील पणती दिवसा उन्हात नेली तर तिची ज्योत विझत नाही, फक्त डोळ्यांत भरत नाही.

श्रवणयंत्राचे कार्य

ज्याला कमी ऐकू येते तो भर बाजारातही एक प्रकारच्या शांततेतच वावरत असतो. पानांची सळसळ, भांड्यांचा आवाज, अंगणातील बोलणे, हे सर्व मंद ध्वनी त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. श्रवणयंत्र ते परत आणून देते. त्यामुळे आतील नादाचा उठाव कमी होतो, ऐकण्यासाठी घ्यावे लागणारे कष्ट कमी होतात आणि वंचित झालेल्या श्रवणकेंद्रांना त्यांचे संकेत पुन्हा मिळू लागतात. यंत्र बाहेरचा आवाज वाढविते. आतला नाद यंत्राच्या मायक्रोफोनपर्यंत येतच नसल्याने तो वाढण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

ही कल्पना नवीन नाही. सॉल्ट्झमन व अर्सनर यांनी १९४७ मध्येच कर्णनादावरील उपाय म्हणून श्रवणयंत्राविषयी लिहिले होते. १९७० च्या दशकात अमेरिकेतील पोर्टलंड येथे जॅक व्हर्नन यांना असे आढळले की, एका रुग्णास कारंज्याजवळ उभे असताना कानातील नाद ऐकू येत नाही. त्यातून आच्छादक ध्वनीची उपचारपद्धती विकसित झाली. अनेक आधुनिक श्रवणयंत्रांत असा मंद ध्वनी निर्माण करण्याची सोयही असते.

पुरावा कितपत भक्कम आहे, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. २०१८ च्या कॉक्रेन समीक्षेत आठ अभ्यास व ५९० रुग्ण विचारात घेतले गेले. श्रवणयंत्र, ध्वनिजनक यंत्र किंवा दोहोंचा संयोग यांपैकी एक दुसऱ्याहून श्रेष्ठ असल्याचे त्यात सिद्ध झाले नाही आणि पुराव्याचा दर्जाही कमी असल्याचे म्हटले गेले. असे असूनही अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये, श्रवणऱ्हास आणि त्रासदायक दीर्घकालीन कर्णनाद असलेल्या रुग्णांची श्रवणयंत्रासाठी तपासणी करावी, अशी शिफारस केली. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत संवादात अडचण येणाऱ्या रुग्णांना यंत्र द्यावे, मात्र श्रवणऱ्हास नसताना केवळ कर्णनादासाठी ते देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. ज्याला ऐकू कमी येते त्याला यंत्र तसेही आवश्यकच असते. कर्णनादातील आराम हा त्यासोबतचा लाभ होय. बाजारात कर्णनादावर खपणाऱ्या गोळ्यांची बाजू याहून कितीतरी दुबळी आहे. जिंको बिलोबा आणि जस्ताची पूरके देऊ नयेत, असे वरील अमेरिकन मार्गदर्शिका सांगते.

यंत्र घेण्यापूर्वी तपासणी अपरिहार्य आहे. कित्येकदा कानातील मळ काढल्यानेच आवाज थांबतो. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठेक्यावर येत असेल, किंवा एकाएकी ऐकू येईनासे झाले असेल तर विलंब न लावता तज्ज्ञाकडे जावे. यांतील शेवटच्या प्रकारात पहिल्या काही दिवसांनाच महत्त्व असते.

यंत्र पेटीत का पडून राहते?

माझे मोठे काका तीस वर्षे धान गिरणीत होते. बोलणे समजत असे, पण नातवंडांचे बोलणे निसटत असे, आणि रात्री कानात किरकिर. एका शिबिरात त्यांना खिशात ठेवण्याचे यंत्र मिळाले. रांगेतील सर्वांना एकाच प्रकारचे यंत्र, एकाच मापाची कानात बसणारी गुंडी आणि पाच मिनिटांची माहिती. यंत्राने सर्व पट्ट्यांचे आवाज सारखेच वाढत. गुंडीने कान पूर्ण बंद होई. परिणामी स्वतःचाच आवाज घुमू लागला आणि किरकिर अधिक स्पष्ट झाली. आठवड्याभरात यंत्र कोनाड्यात गेले. ‘मशीननं कान अजूनच खराब झाले’ असे ते सांगत आणि गाव ते ऐकत असे.

वस्तुतः येथे दोष यंत्र बसविण्याच्या पद्धतीचा होता. उंच पट्टीचाच ऱ्हास असेल तर कान उघडा ठेवणारी, छिद्रयुक्त टोपी वापरावी लागते, म्हणजे नैसर्गिक ध्वनी आत येत राहतो. यंत्र श्रवणालेखानुसार जुळवावे लागते. गोंगाट दडपण्याची सोय शांत जागी सौम्य ठेवावी लागते, अन्यथा आपल्याला हवे असलेले मंद ध्वनीच ती काढून टाकते. यंत्र केवळ बोलताना न लावता दिवसभर लावावे लागते आणि परिणाम जाणवण्यास काही आठवडे, क्वचित काही महिने लागतात. जस्त-वायू प्रकारची बटणाएवढी बॅटरी साधारण आठवडा-दोन आठवडे टिकते. आपल्याकडील उन्हाळ्यात ती लवकर सुकते, पावसाळ्यात यंत्रात ओल शिरते. ही बॅटरी खेड्यात मिळतेच असे नाही. या सर्वांसाठी दोन-तीन वेळा श्रवणतज्ज्ञाकडे जावे लागते, आणि मार्कंड्याहून गडचिरोली, चंद्रपूर वा नागपूर गाठणे म्हणजे एका दिवसाची मजुरी जाणे.

शासकीय योजनांची रचनाही येथे अपुरी पडते. १९८१ पासून सुरू असलेल्या ‘एडिप’ योजनेतून श्रवणयंत्रे मिळतात, पण त्यासाठी किमान चाळीस टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार दोन्ही कानांत साठ डेसिबल वा अधिक ऱ्हास असणारी व्यक्तीच श्रवणदोषाच्या व्याख्येत बसते. गोंगाटाने बाधित कामगाराचा ऱ्हास बहुधा उंच पट्टीत असतो, संभाषणाच्या पट्ट्यांतील सरासरीत तो झाकला जातो, आणि कर्णनादाची तर या मोजमापात गणनाच नाही. ज्याला यंत्राने आराम मिळण्याची शक्यता आहे, नेमका तोच पात्र ठरत नाही. कर्णबधिरत्व प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. त्याअंतर्गत जिल्हा रुग्णालयात होणाऱ्या तपासणीला यंत्र जुळवून देण्याची व पुन्हा पाहण्याची जोड मिळाली, तर खर्च फारसा वाढणार नाही. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरांतही हे काम अंशतः होऊ शकेल. गावात पूर्वी वाटली गेलेली यंत्रे कोणाच्या घरी पडून आहेत, त्यांची बॅटरी, नळी व टोपी कोणत्या अवस्थेत आहे, एवढी यादी स्वयंसेवकांनी केली तरी श्रवणतज्ज्ञास बोलाविण्यापूर्वी निम्मी माहिती हाती येईल.

काकांना पुढे चंद्रपुरात तपासणी करून कानामागचे, उघड्या टोपीचे यंत्र घेतले. योजनेत ते बसले नाहीत, खर्च घरचाच. दुसऱ्या भेटीत आवाज कमी करावा लागला, तिसऱ्या भेटीत थोडा वाढवावा लागला. किरकिर गेलेली नाही. दिवसा तिची आठवण राहत नाही, असे ते सांगतात. रात्री यंत्र काढून ठेवले की ती परत येते, म्हणून उशाशी पंखा किंवा रेडिओ मंद चालू ठेवतात.