आयफोनला माउसचे वावडे
डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास घडवलेला पहिला माउस म्हणजे एक लाकडी खोके होते, आणि त्याच्या तळाशी परस्परांशी काटकोनात बसवलेली दोन चाके हाताची आडवी-उभी हालचाल संगणकाला कळवीत असत. इतक्या साध्या उपकरणाला आयफोनमध्ये शिरकाव मिळण्यास २०१९ चे आयओएस १३ उजाडावे लागले; तेव्हाही ही सोय ‘असिस्टिव्हटच’मध्ये, म्हणजे पडद्याला स्पर्श करणे ज्यांना अवघड जाते त्यांच्यासाठीच्या सुविधेत, जवळजवळ दडवूनच ठेवली गेली. अँड्रॉइड फोनांना मात्र माउस कितीतरी आधीपासून चालत होता. ही उणीव यंत्राच्या क्षमतेची नसून उत्पादकाच्या मर्जीची आहे, कारण २०२० मध्ये आयपॅडओएस १३.४ ने आयपॅडला माउसचा पूर्ण आधार दिला, आयफोनला दिला नाही.