एका मागाचं काम दुसऱ्या मागावर

मुतखड्यांचे प्रकार या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या भागात. शुक्रवार पेठेतल्या एका वाचकाच्या पत्रातल्या एकाच प्रश्नानं या भागाची सगळी जागा मागितली आहे. सोनोग्राफीत त्यांच्या उजव्या मूत्रवाहिनीत खडा अडकलेला दिसला, वरची किडनी फुगलेली. किडनीचं काम तपासणारं रक्तातलं क्रिएटिनिन मात्र ०.९. कळही दोन दिवसांत थांबली. ‘सगळं नॉर्मल आहे, मग घाई कशाला?’ असं ते विचारतात.

घाई आहे.

आधी कळीचं पाहू. खडा अडकला की मागे लघवी तुंबते आणि दाब वाढतो. पहिले तास-दोन तास त्या किडनीकडे रक्त उलट जास्तच धावतं. मग तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं, गाळणी मंदावते. लघवीच कमी तयार होऊ लागली की दाब उतरतो आणि त्याबरोबर कळही. म्हणजे कळ थांबली याचा अर्थ खडा पडला असाच होत नाही. किडनीनं काम कमी केलं, असाही होऊ शकतो.

तोवर डावी किडनी काय करते? उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे की एका बाजूला दाब वाढताच मज्जातंतूंमार्फत निरोप जातो आणि दुसरी किडनी जास्त मीठ-पाणी बाहेर टाकू लागते. पुढच्या दिवसांत तिची गाळणी वाढते, मग ती आकारानंही वाढते. प्रत्येक किडनीत सरासरी दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन, म्हणजे गाळणीचे सूक्ष्म घटक, असतात. जन्मानंतर नवे तयार होत नाहीत. आहेत तेच मोठे होतात. तरुणपणी ही वाढ चांगली होते, वयाबरोबर उणावते. किडनीदात्यांची उरलेली एक किडनी काही काळात आधीच्या दोघींच्या मिळून कामाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास पोहोचते.

एका किडनीवर माणूस जगेल का, हा प्रश्न एकेकाळी खरोखर अनुत्तरित होता. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गुस्टाव्ह सिमोन यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले आणि २ ऑगस्ट १८६९ रोजी मूत्रवाहिनीला इजा झालेल्या एका बाईची किडनी काढली. ती बाई जगली.

आता क्रिएटिनिन. सोलापूरच्या यंत्रमाग कारखान्यात वहीत दिवसाअखेरचं एकूण कापड लिहिलं, तर एक माग बंद पडून शेजारच्या मागानं जास्त पाळी केल्याचं त्या बेरजेत दिसणार नाही. क्रिएटिनिन ही तशीच बेरीज आहे. एक किडनी थांबली तरी दुसरी धडधाकट असेल तर आकडा नॉर्मलच्या रेषेतच राहू शकतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या फ्रँक हिनमन यांनी १९२०च्या दशकात याच गोष्टीची दुसरी बाजू पुढे आणली. निरोगी किडनीनं सगळं काम अंगावर घेतलं की अडथळा काढल्यावरही आजारी किडनीला सावरायला कारणच उरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. नाव दिलं ‘रीनल काउंटरबॅलन्स’. त्यांच्या स्पष्टीकरणावर पुढे वाद झाला, पण उशिराची किंमत पुढच्या प्रयोगांत आकड्यांत दिसली. कुत्र्याची एक मूत्रवाहिनी पूर्ण बंद करून आठवड्यानं उघडली तर गाळणी जवळपास पूर्ववत येते. दोन आठवड्यांनी सुमारे सत्तर टक्के, चार आठवड्यांनी तीस, सहा आठवड्यांनी जवळजवळ शून्य. माणसात खडा बहुधा वाट पूर्ण बंद करत नाही, म्हणून हे आठवडे जसेच्या तसे लावू नयेत. पण मुदत असते, एवढं नक्की.

तेव्हा पत्रलेखकांनी क्रिएटिनिनवर थांबू नये. पुन्हा सोनोग्राफी करून खडा सरकला का, सूज उतरली का ते पाहावं. कोणती किडनी किती काम करते याची विभागणी डीटीपीए स्कॅनमध्ये दिसते. त्याची गरज आहे का, हे मूत्ररोगतज्ज्ञांना विचारावं. आणि या काळात थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावं. तुंबलेल्या लघवीत जंतू शिरले की ते रक्तात पसरायला वेळ लागत नाही.