औषधवाहक प्रथिने

औषधवाहक प्रथिने : कोशिकापटलातून (पेशीच्या आवरणातून) औषधांचे रेणू आत घेणाऱ्या किंवा बाहेर टाकणाऱ्या प्रथिनांना ही संज्ञा देतात. आतड्याचे अस्तर, यकृत, वृक्क (मूत्रपिंड) व मेंदूतील केशवाहिन्या यांच्या कोशिकांत ती मुख्यत्वे आढळतात. औषध किती शोषले जाईल, मेंदूत किती पोहोचेल व किती वेगाने उत्सर्जित होईल, हे काही अंशी त्यांच्यावर अवलंबून असते. त्यामुळे एका औषधाने अशा प्रथिनाचे कार्य रोखले अथवा वाढविले, तर बरोबर घेतलेल्या दुसऱ्या औषधाचा परिणाम बदलतो. मानसिक विकारांवरील औषधे दीर्घकाळ व पुष्कळदा हृद्‌रोग, मधुमेह इत्यादींवरील औषधांबरोबर घ्यावी लागत असल्याने त्यांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते.

यांपैकी सर्वाधिक अभ्यासलेले प्रथिन म्हणजे पी-ग्लायकोप्रथिन होय. १९७६ मध्ये आर्. एल्. जूलिआनो व व्ही. लिंग यांनी कोल्चिसिनाला दाद न देणाऱ्या, हॅम्स्टर या प्राण्याच्या अंडाशयातील कोशिकांत ते शोधून काढले. एटीपी या संयुगातील ऊर्जा वापरून ते औषधाचे रेणू कोशिकेबाहेर ढकलते. मेंदूच्या केशवाहिन्यांत त्याचे कार्य पहारेकऱ्यासारखे असते. लोपेरामाइड हे अतिसारावरील औषध अफूवर्गीय असूनही नेहमीच्या मात्रेत मेंदूवर परिणाम करीत नाही, ते मुख्यतः यामुळेच. हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या मेंदूत रिस्पेरिडोन या छिन्नमानसावरील औषधाचे प्रमाण कित्येक पटींनी वाढलेले आढळते.

डिगॉक्सिन या हृद्‌रोगावरील औषधाचे शरीरात फारसे रासायनिक रूपांतर होत नाही. म्हणून या प्रथिनाचे कार्य अजमावण्यास ते सोयीचे ठरते. क्विनिडिनाबरोबर दिल्यास त्याची रक्तातील पातळी सु. दुप्पट होऊन विषबाधेचा धोका संभवतो, कारण क्विनिडीन वाहक प्रथिनाचे कार्य रोखते. उलट, सौम्य अवसादावर (खिन्नतेवर) घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीमुळे प्रथिनाची निर्मिती वाढते व डिगॉक्सिनाचे रक्तातील प्रमाण सु. एक चतुर्थांशाने घटते. २००० साली झुरिक येथील हृदयरोपण झालेल्या दोन रुग्णांनी ही वनस्पती घेतल्यावर सायक्लोस्पोरिनाची पातळी घसरली व शरीराने रोपित हृदयाचा अस्वीकार करण्यास प्रारंभ केल्याचे प्रसिद्ध झाले. ती बंद केल्यावर पातळी पूर्ववत झाली. वनस्पतिज औषध म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत त्यामुळे चुकीची ठरली.

कार्बामाझेपीन हे अपस्मार व उन्माद यांवरील औषधही असाच परिणाम करते. त्याच्यामुळे वृक्कातील उत्सर्जन वाढून पॅलिपेरिडोन या छिन्नमानसावरील औषधाची पातळी एक तृतीयांशाहून अधिक घटते; विकार पुन्हा उफाळू नये म्हणून मात्रा वाढवावी लागते. मात्र कार्बामाझेपीन थांबविल्यास हा परिणाम हळूहळू ओसरतो आणि वाढविलेली मात्रा तशीच ठेवल्यास ती अपायकारक ठरू शकते.

अशा सर्व आंतरक्रिया केवळ वाहक प्रथिनांमुळे घडत नाहीत. सायक्लोस्पोरिनाच्या बाबतीत यकृत व आतडे यांतील एंझाइमांचाही (जीवरासायनिक विक्रिया घडविणाऱ्या प्रथिनांचाही) वाटा असतो आणि उंदरांत दिसलेले परिणाम माणसात तितके तीव्र असतीलच असे नाही. म्हणून नवे औषध सुरू करताना, तसेच जुने बंद करताना, रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची, वनस्पतिज औषधांसह, वैद्याला माहिती असणे आवश्यक असते.