स्वयंपाकाच्या पुस्तकात आपली चूल कुठे आहे?

स्वयंपाकाच्या पुस्तकांना आपल्या घरांत फारशी किंमत नसते. 'आईच्या हाताखाली शिकलेल्या पोरीला पुस्तक कशाला?' असे आपण म्हणतो. पण जिची आई गावी आहे, तिने शिकायचे कोणाकडे? नोकरीसाठी परगावी खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला भाकरी कोण शिकवणार? तिथे पुस्तकच शिक्षक होते.

मराठीत ही पुस्तके जुनी आहेत. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० साली निघाले. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले आणि घराघरांत गेले. कमलाबाईंचे शिक्षण चौथीपर्यंतच झालेले. पण 'अंदाजाने घाला' असे न सांगता त्यांनी वाटी-चमच्याच्या मापात पदार्थ सांगितले. त्यामुळे ज्याने कधी चूल पेटवली नाही, त्यालाही तो पदार्थ जमू लागला. शिवणकामाच्या पुस्तकांचेही तसेच आहे. छातीच्या मापावरून मुंढा आणि गळा कसा काढायचा, हे त्यात आकड्यांनिशी दिलेले असते. विद्या मापात उतरली की ती एकाच घराची राहत नाही, सर्वांची होते.

मात्र या पुस्तकांत आपल्या आजीची चूल शोधली तर सापडणे कठीण. तूप, दूध, ओले खोबरे, साखर यांची तिथे रेलचेल. वजडी, रक्ती, येसूर घातलेला रस्सा, उन्हात वाळवलेल्या चान्या यांचा मात्र पत्ता नाही. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आले. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांची खाद्यसंस्कृती त्यांनी कृतीसह लिहून काढली. २०२४ साली त्याचा इंग्रजी अनुवादही झाला. नेहमीच्या म्हणीतील 'पूर्ण'चे 'अपूर्ण' झाले, यातच सारे आले. ज्यांच्या ताटात तूप कधी पडलेच नाही, त्यांना अन्न पूर्णब्रह्म कसे वाटावे?

यावर काही जण विचारतील, की डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी महिलांना मृत जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका असे बजावले, मग ते दिवस आता कशाला उगाळायचे? प्रश्न रास्त आहे. आपल्या माणसांनी ते सोडले आणि ताठ मानेने उभे राहिले, याचा अभिमानच आहे. पण लिहून ठेवणे म्हणजे पुन्हा खाणे नव्हे. काय खावे लागले, का खावे लागले आणि ते कसे सोडले, हे नातवंडांना कळले पाहिजे. शिवाय आजीचे सगळेच काही सोडण्यासारखे नव्हते. येसूर, रानभाज्या, कण्या, माडगे हे मूठभर जिन्नसात घर जगवण्याचे शास्त्र होते.

हे शास्त्र वहीत उतरवायला मोठी विद्या लागत नाही. आजी म्हणते, 'हाताला कळतं.' मग हिशेबाची साधी रीत वापरा. स्वयंपाकाआधी पीठ, डाळ, मिरची, मीठ वेगवेगळे मोजून तिच्यासमोर ठेवा. तिला तिच्या अंदाजाने घेऊ द्या. शेवटी उरलेले मोजा. सुरुवातीच्या शिल्लकीतून अखेरची शिल्लक वजा केली की खप निघतो. तेच तिचे माप. वाटी घरातली एकच ठरवा आणि त्या वाटीत किती ग्रॅम पीठ बसते, हे वाण्याच्या काट्यावर एकदा बघून वहीच्या पहिल्या पानावर टिपा. विस्तव किती, वेळ किती, वास कसा आला म्हणजे उतरवायचे, हेही लिहा. गावाचे नाव, सांगणारीचे नाव आणि तारीख विसरू नका.

वाकळ शिवणाऱ्या आजीलाही असेच विचारा. लांबी-रुंदी किती? जुनी लुगडी किती लागली? धावदोरा कोणत्या कडेपासून धरला?

हे काम मुलींवरच सोडू नका. दहावी-बारावीच्या मुलांनीही सुटीत वही घेऊन आजीजवळ बसावे. भगिनींनो, 'रुचिरा' जरूर विकत घ्या, त्यातून शिका. पण त्याच फळीवर आपल्या घरची वहीही ठेवा. आजी आहे तोवरच ती भरता येईल.