मुलाच्या हृदयाभोवतीचे पाणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘हृदयात पाणी झाले’ असे म्हटले जाते, पण हे पाणी हृदयाच्या कप्प्यांत नसते. हृदयावर दुपदरी आवरण असते. त्या पदरांमध्ये वंगणापुरता द्रव नेहमीच असतो. तो वाढला की हा आजार होतो. लहान मुलांत तो क्वचितच आढळतो.

पाणी जितके जास्त तितका धोका मोठा, हा सर्वांत घातक गैरसमज. धोका ठरतो तो पाणी साठण्याच्या वेगावर. थायरॉइडच्या कमतरतेत ते सावकाश साठते, आवरण ताणत जाते आणि बरेच पाणी असूनही मूल हिंडते-फिरते असू शकते. उलट शस्त्रक्रियेनंतर किंवा छातीला मार लागून थोडेच रक्त झपाट्याने साचले, तरी हृदय बाहेरून आवळले जाते आणि त्यात रक्त पुरेसे भरत नाही. यालाच टॅम्पोनाड म्हणतात. नाडी धावते, हातपाय गार पडतात, श्वास आत घेताना वरचा रक्तदाब १० मिमीहून जास्त उतरतो. मुलांचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. म्हणून तो ‘नॉर्मल’ आहे एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. तान्हे बाळ तर फक्त दूध पिताना दमते, किरकिरते.

एक्स-रे ठीक आला म्हणजे पाणी नाही, असेही नाही. थोडे पाणी त्यात दिसत नाही. खात्री होते इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर.

लघवीच्या गोळ्यांनी हे पाणी ‘सुकवता’ येईल, ही समजूतही चुकीची. टॅम्पोनाडमध्ये शरीरातले पाणी कमी केले की हृदयात भरणारे रक्त आणखी घटते. तेव्हा छातीच्या मधल्या हाडाखालून, इकोवर पाहत सुई घालून पाणी काढतात. सुरुवातीचे थोडे पाणी निघताच नाडी सुधारू लागते. मात्र प्रत्येक मुलाला सुई लागत नाही. विषाणूमुळे आवरणाला आलेली सूज बहुधा आयबुप्रोफेन, कोल्चिसिन आणि विश्रांतीने उतरते.

या पाण्याचे कारण दर वेळी टीबीच नसते. जिवाणू, संधिवाताचे आजार, रक्ताचा कर्करोग यांनीही पाणी होते. म्हणून काढलेला द्रव तपासायला जातो. तो दुधासारखा पांढरा निघाला, तर पू समजण्याची चूक होऊ शकते. क्वचित तो लसीकावाहिनीतून झिरपलेला, चरबीयुक्त रस असतो. हृदयशस्त्रक्रियेत ती वाहिनी दुखावल्यास असे घडते. अशा मुलाला नेहमीचे तूप-तेल बंद करून, आतड्यातून थेट रक्तात जाणारी मध्यम साखळीची चरबी देतात. तरीही गळती थांबली नाही, तर ती वाहिनी शस्त्रक्रियेने बांधतात.